वेगवान भिंगाची बखर

छायाचित्रणाच्या दुकानात भिंग निवडावयास उभा राहिलेला प्रवासी गृहस्थ जेव्हा एफ/१.४ घ्यावे की एफ/२ घ्यावे, खिशात मावणारे घ्यावे की गळ्याला ओझे होणारे घ्यावे, या विवंचनेत पडतो, तेव्हा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या एका दाव्यात तो स्वतःच्या नकळत पक्षकार होत असतो. भिंगाच्या नाभीय अंतरास त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले असता जो आकडा येतो तो हा एफ-अंक. आकडा जितका लहान, तितका उजेड अधिक. पन्नास मिलिमीटरांच्या एफ/२ भिंगाचे छिद्र पंचवीस मिलिमीटरांचे असते. त्याचा आकडा एकवर आणावयाचा तर छिद्र पन्नास मिलिमीटरांचे करावे लागते, आणि मग काच, पितळ, वजन व किंमत ही सारी मंडळी मागोमाग येतातच.

१८३९च्या ऑगस्ट महिन्यात दागेर यांच्या छायाचित्रणाच्या प्रक्रियेचे रहस्य पॅरिस येथे जाहीर झाले, त्या वेळी कॅमेऱ्याला लावण्याचे जे भिंग शव्हालिए या चष्मेवाल्याच्या घराण्यात तयार होत असे, त्याचे छिद्र एफ/१५च्या आसपास होते. त्यातून पोहोचणारा उजेड इतका कृपण, की भर उन्हातदेखील उजेड टिपणारी पट्टी कित्येक मिनिटे उघडी ठेवावी लागे. आदल्या वर्षी खुद्द दागेर यांनी पॅरिसमधील एका हमरस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात गाड्याघोड्यांची नि माणसांची सारी वर्दळ नाहीशी झालेली आहे. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी पाय रोवून उभा राहिलेला एक अनामिक इसम तेवढा त्यात उमटला. जे हलत नाही ते टिकते, जे हलते ते मिटते, असा या नव्या कलेचा आरंभीचा कायदाच होता. या कायद्याने इमारतींचे काही बिघडत नव्हते. माणसाचा चेहरा मात्र या कलेच्या हाती लागत नव्हता.

ही अडचण व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी अंगावर घेतली. तोपर्यंत भिंग घडविणे म्हणजे काच घासावी, लावून पाहावी, पुन्हा घासावी, असा अनुभवावर चालणारा कारागिरीचा व्यवहार होता. पेट्झवाल यांनी प्रत्येक किरणाचा मार्ग कागदावर आधी गणिताने काढण्याचे ठरविले. या हिशेबाचा पसारा एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा तोफखान्याचे प्रमुख असलेले आर्कड्यूक लुडविग यांच्या हुकुमाने तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित करण्यात मुरलेले काही गोलंदाज प्राध्यापकमहाशयांच्या दिमतीस देण्यात आले. किल्ल्यांवर मारा करण्याचे हिशेब शिकलेली ही माणसे माणसाच्या मुखावरील उजेडाचे हिशेब करू लागली, ही घटना मला लष्कराच्या एकंदर इतिहासात फार दुर्मिळ आणि म्हणून फार प्रिय वाटते. १८४० साली त्या गणितातून एफ/३.६च्या सुमाराचे भिंग सिद्ध झाले. पूर्वीच्या मानाने सोळा-सतरापट उजेड आत येऊ लागला, आणि प्रक्रियेतील रासायनिक सुधारणांची जोड मिळताच मिनिटांचा हिशेब सेकंदांवर आला.

फोइग्टलेंडर या प्रकाशयंत्रे बनविणाऱ्या पेढीने ते भिंग घडविले, पितळी कॅमेऱ्याला जोडले आणि अमाप विकले. पेट्झवाल यांच्या पदरात मात्र एकवार दिलेल्या दोन हजार गुल्डनांपलीकडे काही पडले नाही. सरकारी सनद त्यांनी वेळीच घेतली नव्हती. पुढे उभयतांत वितुष्ट आले, १८४९ साली पेढी ब्राउनश्वाइगला गेली, आणि प्राध्यापक आपल्या गणिताकडे परतले. व्यवहार न जाणणाऱ्या विद्वानाची अशी गत कोणत्याही मुलुखात होते. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही.

हे भिंग प्रवाशाच्या मात्र कामाचे नव्हते. चित्राच्या मध्यभागी ते लखलखीत रेखा काढी, आणि कडांकडे जाता जाता सारे घुसळल्यासारखे करून टाकी. मध्यभागी चेहरा असेल तर हा दोष खपून जाई, किंबहुना शोभून दिसे. पण देवळाची कमान किंवा लेण्याचा दर्शनी भाग कडेपर्यंत रेखीव हवा असतो. म्हणून प्रवासी छायाचित्रकाराने लहान छिद्राचे, मंद भिंग आणि तिपाई हाच सरंजाम पत्करला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग उघडला, तेव्हा आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या हाती आले ते हेच. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल हे १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगविण्याच्या कामगिरीवर होते; त्यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला आणि १८६४ साली त्यांच्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक वास्तुकलेचे अभ्यासक फर्ग्युसन यांच्या विवेचनासह प्रसिद्ध झाले. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या रंगाला तत्पर आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. अजिंठ्याचा गेरू त्यांना काजळीसारखाच दिसावयाचा. लेण्यातला अंधार आणि रसायनाचे हे आंधळेपण, अशी दुहेरी आडकाठी तेथे होती. नुसते भिंग मोठे करून ती दूर होण्यासारखी नव्हती.

आणखी एक आडकाठी भिंगाच्या काचेच्या पृष्ठभागावरच दडून बसली होती. हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून हवेत येताना उजेडाचा शेकडा चार-पाच हिस्सा माघारी फिरतो. १८९६ साली येना येथे पाउल रुडोल्फ यांनी ‘प्लानार’ नावाचे सहा काचांचे भिंग रचले; त्याला असे आठ पृष्ठभाग होते, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक उजेड वाटेतच गळे. गळे एवढेच नव्हे, तर आतल्या आत उड्या मारीत शेवटी पट्टीवर भलत्याच ठिकाणी पडे आणि सावल्यांवर धुके पसरी. गणिताच्या दृष्टीने उत्कृष्ट असलेली ही रचना त्यामुळे पुष्कळ वर्षे मागे राहिली. रुडोल्फ यांचेच १९०२ सालचे चार काचांचे ‘टेसार’ तिच्यापेक्षा मंद असूनही बाजार जिंकून बसले.

रात्रीचा खरा दरवाजा उघडला तो ड्रेस्डेनमध्ये. एर्नेमान कारखान्यातील लुडविग बर्टेले या तरुण गणितज्ञाने ‘एर्नोस्टार’ हे एफ/२चे भिंग रचले आणि १९२४ साली ते ‘एर्मानॉक्स’ या छोट्या कॅमेऱ्यावर बसून बाजारात आले. शंभर मिलिमीटरांच्या त्या भिंगाचे छिद्र पुरते पन्नास मिलिमीटरांचे. त्यामुळे कॅमेऱ्याला भिंग लावले आहे की भिंगाला कॅमेरा, असा प्रश्न पाहणाराला पडे. आत साडेचार बाय सहा सेंटिमीटरांची काचेची पट्टी, आणि दर चित्रामागे ती बदलण्याची खटपट. कायद्याची डॉक्टरेट मिळविलेले बर्लिनचे एरिक सालोमोन यांनी हे यंत्र हाती घेतले आणि १९२८ साली आपल्या टोपीला भोक पाडून, तीत ते लपवून, चालू खटल्याची छायाचित्रे न्यायालयातून काढून आणली. मग राष्ट्रसंघाच्या बैठका, मेजवान्या, तहनामे. १९३०च्या हेग परिषदेत मध्यरात्र उलटल्यावर कोचावर पेंगणारे मंत्री त्यांनी टिपले, तेव्हा मुत्सद्देगिरीचा जामानिमा उतरलेला जगाने प्रथमच पाहिला. फ्रान्सचे मंत्री ब्रियाँ त्यांना आगाऊ लोकांचा राजा म्हणत. पण या पराक्रमाचे श्रेय काचेइतकेच त्यांच्या नजरेला आहे. पट्टीवर पुरेसा उजेड पडण्यास अनेकदा सेकंदाचा मोठा अंश लागे; म्हणून बोलणारा माणूस बोलता बोलता क्षणभर थांबतो केव्हा, याचा अदमास घेऊनच ते कळ दाबीत. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर या ज्यू गृहस्थाने हॉलंडचा आश्रय केला. १९४४ साली आउशविट्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

एर्नेमान कारखाना १९२६ साली त्साइस-इकॉनमध्ये विलीन झाला आणि बर्टेलेही तिकडे गेले. १९३२च्या ‘सोनार’ भिंगात त्यांनी छिद्र एफ/१.५पर्यंत नेले, आणि काचा एकमेकींना चिकटवून हवेला लागणारे पृष्ठभाग सहावर आणले. प्लानारला जी पृष्ठभागांची बाधा झाली होती तिच्यावर हा तोडगा. तोवर लायकाने कॅमेरा कोटाच्या खिशात आणला होताच. १९३५ साली त्साइस परिवारातील अलेक्सांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप चढवून माघारी फिरणारा उजेड रोखण्याची रीत सिद्ध केली. ती काही वर्षे लष्करी गुपित म्हणून दप्तरबंद राहिली, पण युद्धानंतर तिने प्लानारच्या जातीची सारी भिंगे पुन्हा जिवंत केली. मला विचाराल तर या बखरीचा नायक मोठ्या छिद्रापेक्षा हा न दिसणारा लेपच होय.

त्यानंतरची शर्यत बरीचशी मिरविण्याची. १९६१ साली कॅननने एफ/०.९५ आणले; १९६६ साली त्साइसने नासासाठी पन्नास मिलिमीटरांचे एफ/०.७ भिंग घडविले. त्यातले तीन नग चित्रपट-दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी मिळविले आणि ‘बॅरी लिंडन’ या १९७५च्या चित्रपटातील काही दालने केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली. पण छिद्र इतके मोठे झाले, की रेखीव दिसणाऱ्या भागाची खोली अगदीच थोडी उरली, आणि नटांना जागच्या जागी जवळजवळ निश्चल राहावे लागले. दागेर यांच्या काळी उजेड थोडा म्हणून माणसे स्थिर राहत. येथे तो मुबलक मिळविल्यावरही त्यांची सुटका झाली नाही.

तेव्हा निवड करणाऱ्याने अंधार किती आहे याची चौकशी मागाहून करावी. त्या अंधारात जे आहे ते हलते की नाही, हे आधी विचारावे. अजिंठ्याची भित्तिचित्रे छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात टिपली, ती प्रखर दिवे न लावता, लेण्यातल्या अंधुक उजेडातच, दीर्घ काळ कळ उघडी ठेवून. भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी काही हलणार नव्हता. अशा विषयाला साधे, हलके, मध्यम छिद्राचे भिंग पुरते. तिपाई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र आधी काढून ठेवावी, कारण तेथे फ्लॅशला मज्जाव आहे आणि तिपाईही मोकळी नाही. वारीतील रात्रीचे कीर्तन, यात्रेतला तमाशा, रेल्वेच्या डब्यातले चेहरे टिपावयाचे असतील, तर पस्तीस मिलिमीटरांचे एफ/१.८ किंवा एफ/२ भिंग घ्यावे आणि उरलेले पैसे प्रवासाला ठेवावेत.