जबाबदारीचा तास वेगळा नसतो

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो, परिपाठात सुविचार असतो, पुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तरीही नाशिकच्या वस्त्यांत काम करताना एक वाक्य वारंवार कानावर पडते: "या मुलांना शिक्षणात रस नाही, जबाबदारीची जाणीव नाही." दोष मुलांचा की शिकवण्याच्या रीतीचा? उत्तर आपल्या इतिहासात आहे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना आठवते, पण त्यातला अभ्यासक्रम आपण विसरलो. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि त्याच यादीत नीती व आरोग्याचे धडे. शेती प्रत्यक्ष शिकता यावी म्हणून शाळेला जोडून नमुन्याची छोटी शेतीही त्यांनी सुचवली. जोतीरावांनी नीतीला देव्हाऱ्यात ठेवले नाही, हिशेब आणि शेतीच्या शेजारी बसवले.

असे शिक्षण काय घडवते, हे त्याआधीच दिसले होते. १८५५ साली फुले दाम्पत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला लिहायचे कसे हे शाळेने शिकवले आणि कशासाठी लिहायचे हेही उमगले. अशा मुलीला वेगळी प्रेरणा द्यावी लागत नाही.

आता सातारा पाहा. १९०० साली तिथल्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, स्वतःचे गोणपाट रोज घरून न्यावे-आणावे लागे. वर्गात धडे फळ्यावर होते, पण माणसाने माणसाशी कसे वागावे याचा धडा मुले त्या गोणपाटावरून शिकत होती. त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, कष्ट करून शिकत. समतेवर भाषण देण्याऐवजी त्यांनी रोजचे जगणेच बदलले.

आणि आपल्या जिल्ह्यातले मनमाड. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथल्या युवक परिषदेत बाबासाहेबांनी तरुणांना बजावले की शिक्षण हे दुधारी शस्त्र आहे. शील नसलेला शिकलेला माणूस पशूपेक्षा भयंकर, आणि ज्याचे शिक्षण गरिबांच्या हिताविरुद्ध वापरले जाते तो समाजाला शाप, असा त्यांचा आशय होता. म्हणजे ज्ञान आधी आणि जबाबदारी नंतर, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती.

"अभ्यासक्रमच पुरा होत नाही, यासाठी वेळ कुठून आणायचा?" असे शिक्षक विचारतात. पण वेगळा वेळ लागतच नाही. व्याजाचे गणित वस्तीतल्या कर्जावर घ्या. भूगोलात गोदावरीचे पाणी शहरात कुणाच्या नळाला किती येते ते मुलांना मोजू द्या. इतिहासात २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह याच शहरात का करावा लागला ते शोधू द्या. विज्ञानात अंगारा-ताईत तपासू द्या. संविधानाच्या ५१क मधले वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य म्हणजे तरी दुसरे काय? आपल्या जगण्याचा प्रश्न धड्यात दिसला की मूल मान वर करून ऐकते.

मात्र सावध राहिले पाहिजे. जबाबदारीच्या नावाने आज्ञाधारकपणा शिकवला जाऊ नये. स्वच्छतेचा धडा सर्वांना आणि झाडू मात्र ठरावीक मुलांच्याच हाती, हे मूल्यशिक्षण नव्हे, ही वर्णव्यवस्थेची उजळणी आहे. झाडू पाळीपाळीने प्रत्येकाच्या हाती आला पाहिजे आणि गटारात उतरणारा माणूस त्याच जातीचा का, हा प्रश्नही त्याच तासाला विचारला गेला पाहिजे. ज्याला हक्क माहीत नाहीत त्याला फक्त कर्तव्ये शिकवणे हे मनूचे काम होते, ते आपल्या शाळांचे नाही.

म्हणून पालकांनो, शाळेच्या पालक सभेत केवळ गुण विचारू नका. या महिन्यात गणितात, भाषेत, विज्ञानात आमच्या मुलाने समाजाबद्दल कोणता प्रश्न विचारला, तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

जय भीम!