कमरेची कोयती

आमच्या कोयना खोऱ्यात पूर्वी गडी घराबाहेर पडला की कमरेला आकडी आणि आकडीत कोयती, हे ठरलेलं. आकडी म्हणजे भोक पाडलेला लाकडाचा तुकडा. दोरीनं तो कमरेला मागच्या अंगाला बांधायचा आणि त्यात कोयती अडकवायची. दोन्ही हात मोकळे. डोक्यावर भारा असो नाहीतर खांद्यावर नांगर, मागं हात नेला की मूठ हाताला लागते. चालताना पातं लाकडावर आपटून खट् खट् वाजायचं. अंधारात पायवाटेनं कोण येतंय ते त्या आवाजावरून माझी आजी ओळखायची.

आता तो आवाज गेला. नातू मुंबईला शिकतो, सुट्टीत किल्ले चढतो. परवा मोबाईलवरून एक घडीचा चाकू मागवला आणि मला विचारलं, “आबा, अडीनडीला हा बरा का?” त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. कारण हत्यार कसं निवडावं हे दुकानात कळत नाही. ते कुठून आलं आणि कुठं कामाला आलं, हे आधी माहीत पाहिजे.

फार पूर्वी आमच्या सह्याद्रीतच लोखंड गाळलं जायचं. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक जांभ्या दगडातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत वेगळं काढायचे. लोखंडाला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल. इंग्रजांच्या राज्यात जंगलावर बंधनं आली, त्यात बोटीतून विलायती लोखंडाच्या पट्ट्या स्वस्तात येऊ लागल्या. मग धावडांच्या भट्ट्या विझल्या.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. १८७८ या एकाच साली साहेबानं दोन कायदे केले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. पहिल्यानं रानातली लाकूडफाट्याची मोकळीक आवळली. दुसऱ्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं. त्या कायद्यातली हत्यारांची यादी मोठी होती. बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला, धनुष्यबाणसुद्धा. कोयतीचं नाव मात्र त्यात नव्हतं. पेंढ्या कापणारं, काटे तोडणारं ते अवजार, त्याची कोण दखल घेतो? असं ते गरिबाच्या कमरेला तसंच राहिलं.

स्वतंत्र भारताचा हत्यार कायदा १९५९ सालचा. त्यातही निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू हत्यारातून वगळल्या आहेत. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू हत्यारांत धरला आहे, पण तिथंही घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेली पाती सोडली आहेत. म्हणजे कायद्यानंही आपल्याला हेच विचारलंय की बाबा, हे तू कशासाठी जवळ ठेवतोस?

आता कोयती बनायची कशी ते सांगतो. आमच्या गावचा लोहार बलुतेदार. सुगीला खळ्यावर त्याचं धान्य बाजूला काढायचं आणि त्यानं वर्षभर फाळ, कुऱ्हाडी, विळे शेवटून द्यायचे. विलायती लोखंड मऊ होतं. नुसत्या लोखंडाची धार टिकत नाही, म्हणून पात्याच्या कडेला पोलादाची पट्टी डागून बसवायची. ती जोडणी कच्ची राहिली की धार पापुद्र्यासारखी निघायची.

पन्नाशीच्या दशकात कोयना धरणाचं काम सुरू झालं आणि आमच्या खोऱ्यात मालमोटारी आल्या. दगड, सिमेंट, खडी वाहून त्यांच्या कमानी तुटायच्या. लोहाराला सोन्याची खाण सापडली! कमानीची पट्टी म्हणजे सगळंच पोलाद. वाकलं तरी परत सरळ होणारं. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची कोयती अशाच तुटक्या कमानीची. ती घडवताना मी नव्हतो, पण पुढं लोहाराजवळ बसून भाता ओढत मी तसलं काम पुष्कळ पाहिलंय. पट्टी लाल करायची, घणानं बडवायची, चोच वळवायची. मग सगळ्यात अवघड काम, पाणी पाजणं. तापलेल्या पात्याची फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायची आणि बाहेर काढून बघत बसायचं. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडं येते आणि घासलेल्या पोलादावर पिकल्या गव्हासारखा रंग चढतो. तो दिसला की पुन्हा पाण्यात. लवकर बुडवलं तर धार काचेसारखी कडक होऊन तुकडे उडतात. उशीर झाला तर धार मऊ पडून वळते. लोहार म्हणायचा, “रंगाकडं बग, माझ्याकडं बगू नगो.”

आता ती कोयती कशाला कामाला आली ते.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले असतील. मी आठ वर्षांचा होतो. थंडी मरणाची. आधी जमिनीतून गडगडाट आला, मग घर हललं. आमची घरं दगडमातीची, माणसं आणि जनावरं एकाच आढ्याखाली. मागची भिंत आत आली. आईनं मला बखोटीला धरून अंगणात फेकलं तेवढं आठवतं. बाहेर आलो तर गावात दिवा नाही, नुसता धुरळा आणि जनावरांचं ओरडणं.

आजी आत राहिली होती. ती बाजेवर झोपायची. वरचा वासा बाजेच्या दोन्ही माच्यांवर आडवा पडला होता. वासा माच्यांवर तोलला म्हणून ती चिरडली नाही, पण वासा आणि बाज यांच्यात अडकली. वासा उचलावा तर वरचा दगडमातीचा ढीग खाली येणार. अण्णांची आकडी रात्री उशाला असायची. ते कोयती घेऊन पालथे पडून बाजेखाली सरपटत गेले आणि बाजेचं सुंभ खालून कापत सुटले. उजेड नाही, मान वर करायला जागा नाही. चोचीत सुंभ अडकवायचं आणि ओढायचं. विणीतल्या दोऱ्या तुटल्या तशी आजी अलगद खाली आली. अण्णांनी तिला पाय धरून बाहेर ओढलं.

मग गोठा. बिचकलेल्या जनावरांनी हिसके मारून दावी इतकी आवळली होती की गाठ सुटायची गोष्टच नाही. अण्णांनी पाच दावी तोडली, पाचही जनावरं बाहेर. तीच कोयती घेऊन ते शेजारच्या दोन घरांत शिरले. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोयनानगर तर भुईसपाट झालं. पुढं शास्त्रज्ञांनी सांगितलं की धरणात साठलेल्या पाण्याचा आणि त्या भूकंपाचा संबंध असावा. धरणाच्या मोटारीचीच ती कमान. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली.

आता माझी गोष्ट. ती सांगायला जड जातं.

मी दहावी झालो. पॅन्ट घालायला लागलो. पॅन्टीवर आकडी शोभत नाही. तालुक्याला एका कचेरीच्या व्हरांड्यात कुणीतरी माझ्या कमरेकडं बघून हसलं, “काय, लाकडं तोडायला आलाय का?” त्या दिवसापासून मी आकडी काढली. कोयती घरात खुंटीला लागली. अण्णा काही बोलले नाहीत.

पुढं एका पावसाळ्यात म्हैस ओढ्याकाठी बांधून मी वर खाचरात आवण लावत होतो. तोवर वाखाची दावी जाऊन बाजारातली नायलॉनची दावी आली होती. टिकाऊ म्हणून मीच आणलेली. डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि ओढा बघता बघता चढला. मी पळत खाली आलो. म्हैस गळ्याएवढ्या पाण्यात, दावं उंबराच्या मुळीला गुंडाळलेलं. मी गाठ सोडायला लागलो. भिजलेली, हिसक्यानं आवळलेली नायलॉनची गाठ ती. बोटं थंडीनं बधिर. नखं फुटली, दातानं ओढली. म्हैस माझ्याकडं बघत होती. शेवटी पाणी माझ्या छातीला लागलं तेव्हा मी मुळी सोडून काठावर आलो. ती नाही आली.

घरी आलो तर कोयती खुंटीला. रात्री अण्णा एवढंच म्हणाले, “भिजली गाठ सुटत नाय, लेका. ती तोडावीच लागती.” दुसऱ्या दिवशी त्यांनी निसण्यावर कोयती पाजवली आणि आकडीसकट माझ्यापुढं ठेवली. तेव्हापासून आजवर ती माझ्या कमरेला आहे.

तर कोयती कशी निवडावी, हे मला अण्णांकडून कळलं ते असं. पातं वितीपेक्षा लांब नको. लांब पातं अडचणीत फिरत नाही. घडीचं नको. घडी उघडायला नख लागतं, दुसरा हात लागतो, आणि नेमका तोच हात कशाला तरी धरलेला असतो. पात्याचं शेपूट मुठीतून आरपार गेलेलं असावं आणि मागं ठोकून वळवलेलं असावं, म्हणजे जोर दिला तरी मूठ हातात आणि पातं मातीत असं होत नाही. मूठ खैराची नाहीतर बाभळीची, गुळगुळीत नको. टोक आत वळलेलं असावं. सरळ टोक घाईत जनावराच्या मानेत घुसतं. चोच दोरी धरते आणि धार आपल्याकडं ओढली जाते. महिन्यातून एकदा कारळ्याच्या तेलाचं बोट फिरवावं. आणि शेवटचं, ती जवळ असावी. उत्तम कोयती घरी असण्यापेक्षा साधी कमरेला असलेली बरी.

हल्ली वर्तमानपत्रात कोयता म्हटलं की पुण्यातल्या गुंड पोरांच्या बातम्या. वाचून वाईट वाटतं. मी शहरात जाताना कोयती घरीच ठेवतो. पोलिसांचा मनाई आदेश असला तर तो पाळायचा, आणि तिथं दावं तोडायचं काम तरी कुठं आहे? रानात आलो की आधी आकडी बांधतो.

नातवाला मात्र मी एवढं सगळं सांगितलं नाही. जुनं नायलॉनचं दावं भिजवलं, खांबाला करकचून बांधलं आणि म्हटलं, “डोळे मीट. डाव्या हातानं खांब धर. आता चाकू काढ आणि तोड.” त्यानं खिशातून चाकू काढला, एका हातानं उघडायला गेला, तो हातातून निसटून खाली पडला. मग मी माझी कोयती त्याच्या हातात दिली. त्यानं चोच अडकवली, ओढली. दावं तुटलं.

डोळे उघडून तो तुटलेल्या टोकाकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आबा, तो लोहार अजून आहे का?”

लोहार गेला. त्याचा मुलगा खिडक्यांच्या जाळ्या जोडतो, पण भाता अजून मोडलेला नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं कमानीचा तुकडा घेऊन त्याच्याकडं जाणार आहोत.