ट्रेलरच्या बॅटरीचं कूळ

मोटारीमागे जोडून ओढायचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, अमेरिकेत रस्त्यावर येऊन शंभरेक वर्षं होतील. एवढ्या काळात त्याच्या वाट्याला बॅटरी आली ती नेहमी दुसऱ्याच्या धंद्यातली: आधी मोटारीची, मग बोटीची, गोल्फ कार्टची, टेलिफोन एक्स्चेंजची आणि आता इलेक्ट्रिक बसची. म्हणून बॅटरी बदलायला निघालेल्याने भाव विचारण्याआधी तिचं कूळ विचारावं, असं मी इथे ॲरिझोनात भेटणाऱ्या ट्रेलरवाल्यांना सांगत असतो. माझी नोकरी महाराष्ट्रात वीज मंडळाच्या सबस्टेशनांत झाली. बॅटरी रूममध्ये ॲसिडची सापेक्ष घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन एकेका सेलची नोंद वहीत उतरवण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतर मुलाकडे आल्यावरही सुटलेली नाही.

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर बसला आणि तिला मोटारीत कायमची जागा मिळाली. सेल्फ मारताना काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर लागतात. त्यासाठी आत पातळ प्लेटा दाटीने बसवतात; इंजिन सुरू झालं की खर्च झालेला चार्ज लगेच भरून निघतो. ट्रेलरची मागणी नेमकी उलटी. जुन्या पद्धतीचा एक दिवा दीड अँपिअर घेतो, गॅसच्या हीटरचा पंखा सातेक अँपिअर, आणि हे तासन् तास चालतं. सेल्फचं काम शंभर मीटरच्या शर्यतीचं, ट्रेलरचं आळंदी ते पंढरपूर पायी चालण्याचं. पातळ प्लेटेची बॅटरी वारंवार खोलवर उतरवली की प्लेटांवरचं लेपण झडून तळाशी गाळ होतो आणि बॅटरी बसते.

सुरुवातीला हे फारसं कुणाला जाणवलं नाही. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन यांनी १९३०च्या सुमारास ‘कव्हर्ड वॅगन’ ट्रेलर विकायला काढले, १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ विजेच्या दिव्यांसह आला. पण मुक्काम बहुधा ट्रेलर पार्कात आणि तिथे वायर हजर. बायम यांना मात्र वायर नसलेल्या मुलखात जायचं होतं. १९५१ पासून ते ट्रेलरांचे तांडे घेऊन देशाबाहेर निघाले. १९५९ चा तांडा केपटाउनहून कैरोला गेला. वीज, पाणी, शौचालय सगळं सोबत बाळगणारा ‘इंटरनॅशनल’ ट्रेलर त्यांनी १९५७ मध्ये बाजारात आणला तो याच ध्यासातून. तिथून पुढे बॅटरी हा ट्रेलरच्या जिवाचा प्रश्न झाला.

त्याचं उत्तर तयार होत होतं कॅलिफोर्नियात, भलत्याच कामासाठी. ट्रोजन बॅटरी कंपनीने १९५२ मध्ये ऑटोएट या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या करणाऱ्या कंपनीसोबत गोल्फ कार्टची बॅटरी घडवली. दिवसभर मैदानावर उतरायचं, रात्री चार्ज व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यासाठी प्लेटा जाड, शिशात अँटिमनी मिसळलेलं. ट्रेलरवाल्यांनी ही सहा व्होल्टची बॅटरी उचलली. दोन सिरीजमध्ये जोडल्या की बारा व्होल्ट होतात. ट्रोजनच्या टी-१०५ ची क्षमता २२५ अँपिअर-तास आणि वजन २८ किलो. सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास वाढत नाहीत; त्यामुळे जोडीचेही २२५ च. त्यातले निम्मेच वापरावेत, तर बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

अँटिमनीमुळे पाणी मात्र जास्त उडतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, ॲसिडचे बारीक तुषार उडतात. म्हणूनच अशा बॅटऱ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, उघड्यावर, हवेशीर खोक्यात असतात. दर महिन्याला झाकणं उघडून प्लेटा पाण्यात बुडालेल्या आहेत ना ते पाहावं, डिस्टिल्ड वॉटर घालावं. टी-१०५ पूर्ण चार्ज असली की हायड्रोमीटर १.२७७ दाखवतो. १.२० च्या आसपास दिसलं की निम्म्याची मर्यादा जवळ आली समजावं. सगळे सेल सारखे आणि एकच मागे पडलेला असेल, तर दुखणं तिथे आहे. बाहेरून व्होल्ट मोजून हे इतकं स्पष्ट कळत नाही.

ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळच्या सरकारी वाळवंटात १९८३ पासून हिवाळाभर मुक्काम करू देतात. तिथे विजेचा खांब नाही. उत्तरेकडची थंडी टाळायला आलेली निवृत्त माणसं सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्यावर महिनोन् महिने राहतात. कुठली बॅटरी खरी, ते या वाळवंटात ठरतं. टेलिफोन एक्स्चेंज आणि यूपीएसच्या खोल्यांत रुळलेली, शिशाचीच पण बंद एजीएम बॅटरी तिथे पाणी घालण्याचा व्याप नको असलेल्यांनी आणली. आता लिथियम आयर्न फॉस्फेट आली. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये आलेल्या त्या पदार्थाच्या निबंधावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही भारतीय नावं आहेत, याचा मला अभिमान वाटतो. हीच जात चीनमध्ये इलेक्ट्रिक बसमध्ये रुळली. शंभर अँपिअर-तासांची अशी बॅटरी बाराएक किलोची असते आणि जवळजवळ सगळा साठा वापरू देते. म्हणजे छप्पन्न किलोच्या टी-१०५ जोडीच्या तोडीस तोड. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आणि जुन्या ट्रेलरमधला शिशासाठी केलेला चार्जर तिला पुरेसा व्होल्ट देत नाही. तोही बदलावा लागतो.

कूळ लेबलवर छापलेलं असतं. क्रँकिंग अँपिअरचा आकडा ठळक असेल तर ती सेल्फच्या घराण्यातली. ‘मरीन’ म्हटलं तर बोटीचं इंजिन चालू करणारी आणि थोडीफार खोल उतरणारी, दोन्ही कामांत मध्यम. ७५ अँपिअरला किती मिनिटं चालेल हे लिहिलं असेल तर ती गोल्फ कार्टची. कायम पार्कात वायरला लागणाऱ्या ट्रेलरला मरीन पुरते. अशा ट्रेलरमध्ये बॅटरीचं महत्त्वाचं काम एकच, रस्त्यात ट्रेलर मोटारीपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणं. वाळवंटात राहायचं, आणि पाण्याची निगा आनंदाने करायची, तर सहा व्होल्टची जोडी. वजन खुपत असेल आणि चार्जरसकट बदलायची तयारी असेल तर लिथियम. मी यंदा पुन्हा सहा व्होल्टची जोडीच घेतली. हायड्रोमीटर माझ्या हाताला सरावाचा आहे, आणि ज्या बॅटरीची तब्येत सेलगणिक तपासता येते तिच्यावर मी रात्र निर्धास्त सोपवतो.