गुरुवारची गोळी

मिरजेत औषधाच्या दुकानात माझी छत्तीस वर्षं गेली. आईचा उजवा खांदा एकाहत्तराव्या वर्षी एकाएकी धरला, पाठोपाठ दोन्ही मनगटं सुजली. सकाळी दूध उतू जाताना समोर दिसायचं, पण सांडशी दाबून पातेलं उतरवता यायचं नाही. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं, चालायचंच" म्हणत वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. चार महिन्यांत पाय सुजले, मूत्रपिंडाचं काम बिघडल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं. त्याच गोळ्या रोज विकणाऱ्या मला घरातलं दुखणं उशिरा कळलं, याची बोच अजून जात नाही.

दुसरीकडे दाखवल्यावर निदान झालं, आमवात. साठीनंतरचा आमवात पुष्कळदा असाच अचानक, खांद्यासारख्या मोठ्या सांध्यांतून सुरू होतो. मग मी या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. आपल्या माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताचा स्वतंत्र अध्याय आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या लाँद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरनं १८०० साली प्रबंधात लिहिलं, की हा नेहमीचा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, नव्हे. गाऊट खात्यापित्या पुरुषांचा समजला जाई. त्यानं पाहिलेल्या रुग्णा मात्र गरीब बायका होत्या. 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे इंग्रजीतलं आजचं नाव लंडनच्या डॉक्टर आल्फ्रेड गॅरडनं १८५९ मध्ये दिलं. रक्तद्रवात सुताचा धागा ठेवून त्यावर युरिक ॲसिडचे खडे धरतात का, हे तो बघायचा. धरले तर गाऊट.

जादू वाटावी असं औषध यायला आणखी नव्वद वर्षं लागली. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका रुग्णेला कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई आठवडाभरात खरेदीला बाहेर पडली. हेंच यांना १९५० साली नोबेल मिळालं. पण ती बाई २९ वर्षांची होती. सत्तरीतली हाडं आधीच ठिसूळ असतात. कॉर्टिसोनसारखं स्टेरॉइड त्यांना आणखी पोखरतं आणि रक्तातली साखरही चढवतं.

आईला खरं तारलं ते मेथोट्रेक्सेटनं. या औषधाचं कूळ अमेरिकेतल्या लेडर्ली औषध कंपनीत, आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं केलेल्या कामातलं. त्यांचा रोख कर्करोगावर होता. १९४८ मध्ये ते गेले, आणि आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ साली. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलेलं असतं. म्हणून आईचं क्रिएटिनिन उतरेपर्यंत डॉक्टर थांबले, मग अगदी कमी मात्रेनं सुरुवात केली. दर महिन्याला रक्त तपासलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात मी प्रत्येक गुरुवारी लाल टिंब काढत असे. "आज गुरुवार ना गं?" असं आई दोनदा विचारी, मगच पाण्याचा पेला उचली. तिसऱ्या महिन्यात तिनं दुधाचं पातेलं स्वतः उतरवलं.

आमवाताची ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. विसरून रोज घेतली तर जिवावर बेतते. तुमच्या घरात कुणी वडीलधारं माणूस ती घेत असेल, तर आजच पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून ठेवा.