इंजिनाचा आवाज आणि गावाचा ठराव

डॅलसच्या भाचीचा परवा फोन आला. तिथे वाळलेली पानं उडवणारी पेट्रोलची यंत्रं हळूहळू बंद करायचं शहराच्या मनात होतं. पण २०२३ साली टेक्सास राज्याने कायदा केला, की इंजिन कुठल्या इंधनावर चालतं यावरून कुठल्याही शहराने त्यावर बंदी घालायची नाही. "मामा, असं कसं हो?" मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथल्या शहराच्या हाती निदान काढून घेण्यासारखं काही होतं!

आमच्या सातारा-सांगली भागाला इंजिन नवं नाही. किर्लोस्करवाडी १९१० सालची, आणि किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली. पुढे विहिरीवरची मोट गेली, गुऱ्हाळातले बैल सुटले. कोरेगावात पिठाच्या गिरणीचं पुकपुक ऐकू आलं की बायका दळणाचे डबे काढत. तो आवाज कुणाला खुपला नाही, कारण त्यात सगळ्यांची सोय होती. खुपला तो भारनियमनाच्या वर्षांत, दुकानाच्या पायरीपायरीवर जनरेटर आले तेव्हा. उजेड एकाचा, धूर शेजाऱ्याला.

पण गावाने ठराव करून काय होणार? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले ते दिल्लीहून, १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली. अंमल जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकाऱ्यांकडे. १ जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला कारखान्यातूनच आवाज कोंडणारी पेटी हवी आणि एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा, हेही दिल्लीचंच. ते मला पटतं. गावोगावी वेगळा नियम केला तर कारखानदाराने इंजिन बनवावं तरी कसं? पण राहत्या वस्तीची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नियमाबरहुकूम बनलेलं यंत्रसुद्धा कुणाच्या खिडकीखाली ठेवलं, की झोपेचं खोबरं! कुठे ठेवायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे गल्लीतल्या माणसांना जास्त कळतं.

१९९२ च्या घटनादुरुस्त्या आम्ही वर्गात मोठ्या कौतुकाने शिकवल्या. ग्रामपंचायतींसाठी २९ विषयांची यादी झाली, त्यात पर्यावरण हा शब्द नाही. शहरांच्या १८ विषयांत मात्र आहे! कोरेगावची आता नगरपंचायत झाली, तेव्हा यादीपुरता तो विषय आम्हाला मिळाला म्हणायचा. आवाजाची तक्रार मात्र पोलिसांकडेच न्यायची.

सरकारला गावावर विश्वास टाकताच येत नाही असंही नाही. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवाना असलेलं दारूचं दुकानसुद्धा बंद होतं. सरकारचा महसूल बुडतो तरी होतं. जनरेटरवर असं मतदान घ्यायची तरतूद मात्र कुठल्याच नियमात नाही.