कंटेनरमधलं टर्मिनल नेमकं कुणाचं?

कंटेनरमध्ये शिरून टीटीवाय कमांड दिलीत आणि समोर टर्मिनल असूनही ‘नॉट अ टीटीवाय’ आलं, तर गोंधळू नका. ते टर्मिनल बहुधा होस्टच्या डेव्हपीटीएसमध्ये उघडलेलं असतं. आतल्या माउंटमध्ये ते नसतंच.

पूर्वी अडचण उलटी होती. डेव्हपीटीएस कितीही वेळा माउंट करा, मागे फाइलसिस्टीम एकच! आतून होस्टची टर्मिनलं दिसायची, आत माउंटचे पर्याय बदलले की होस्टचेही बदलायचे. २००९ च्या २.६.२९ कर्नलमध्ये ‘न्यूइन्स्टन्स’ आलं, पण ऐच्छिक. विसरलात की पुन्हा सगळं सामायिक. जुन्या सिस्टीम मोडू नयेत म्हणून केलेली ही तडजोड मला तरी भित्री वाटते. शेवटी २०१६ मध्ये ४.७ ने प्रत्येक माउंट स्वतंत्र केलं. पीटीएमएक्स उघडलं की कर्नल आता त्याच्या शेजारची पीटीएस डिरेक्टरी बघतो.