हात फिरल्याबिगर



गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला साताऱ्याला गेले होते. आदल्या दिवशी हळद दळायचा कार्यक्रम होता. कार्यालयातल्या लोकांनी एक छोटेसे, रंगवलेले जाते आणून ठेवले. खुंट्याला आंब्याची पाने आणि हळकुंड बांधले. पाच जणींनी खुंट्याला हात लावला आणि... सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ओवी कुणालाच येईना! शेवटी एका हौशी सुनेने मोबाइलवर शोधून ओवी लावली आणि वेळ निभावून नेली. फोटो मात्र झकास आले.

"काकू, तुम्ही तर मराठीच्या बाई, तुम्हाला येत असतील की!" कुणीतरी म्हणाले. मी नुसती हसले. चौतीस वर्षे मराठी शिकवले. ओवी हा छंद फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. पण जात्यावर बसून एक ओवीसुद्धा कधी म्हटली नाही. परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होते, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

मला नातेवाईक नेहमी विचारतात, "शाळा, घर, सासू-सासरे, मुले, एवढे सगळे सांभाळून तुम्हाला कविता करायला वेळ कसा मिळायचा हो?" या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते आपल्याच आज्या-पणज्यांपाशी आहे, असे आता वाटू लागले आहे.

मागे वळून पाहा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 साली 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाला जे जे ठाऊक असावे ते सारे त्यात आहे. त्यातच एक नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे उखळाशी उभ्या असलेल्या बायकांच्या गाण्याची दखल नऊशे वर्षांपूर्वी राजदरबारी घेतली गेली होती. पुढे 1290 साली ज्ञानेश्वर माउलींनी गीता मराठीत आणली ती ओवीतच, सुमारे नऊ हजार ओव्या. वर्गात मुलांना मी सांगत असे, "बाळांनो, मराठीतला एवढा मोठा ग्रंथ ज्या छंदात आहे, तो छंद तुमच्या आजीच्या घरातला आहे."

नामदेवांच्या घरची जनाबाई घ्या. दासीच ती. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा यांतून तिची सुटका नव्हती. पण तिच्या अभंगांत तेच दळण-कांडण येते आणि विठ्ठल तिच्यासमोर बसून दळू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जाते दाखवतात. आम्ही शाळेची सहल नेली तेव्हा मुलींनी ते ओढून पाहिले होते. जनाबाईला कामातून सवड मिळाली असती तर तिने अभंग रचले असते, असे नाही म्हणता येत. तिने कामालाच अभंगात घेतले.

आणि अगदी अलीकडच्या म्हणजे बहिणाबाई चौधरी. जन्म 1880, जळगावजवळचे असोदे हे माहेर. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुले, शेतीची कामे. अक्षरओळख नाही. काम करता करता खानदेशी बोलीत गाणी सुचत आणि त्या ती म्हणत. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, त्यांनी आणि एका मावसभावाने जमेल तसे ते टिपून ठेवले. बाकीचे वाऱ्यावर गेले. 1951 साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे थक्क झाले, आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या एका कवितेचे नावच 'घरोट' आहे. घरोट म्हणजे जाते.

आता मी जरा मास्तरकी करते, माफ करा. जाते त्या बाईला काय देत होते ते पाहू. पहिले म्हणजे वेळ. पहाटे उठून दळायचेच होते, नाहीतर घरात भाकरी नाही. आज मन लागते की नाही, हा प्रश्नच नव्हता. दुसरे, सुरुवात. पहिली ओवी देवाची म्हणायची अशी रीत, त्यामुळे कोऱ्या कागदाची भीती नाही. एकदा तोंड उघडले की मग माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीची वाट, सारे येत जायचे. तिसरे म्हणजे माप. ओवी दोन-तीन ओळींची. मुठीतला दाण्यांचा घास संपेतो ती जुळते. मोडली तर मोडली, पुढच्या फेऱ्याला दुसरी. आणि चौथे, मला वाटते सगळ्यांत मोठे, ते म्हणजे ऐकणारी. समोर खुंट्याला हात लावून जाऊ, नणंद नाहीतर शेजारीण बसलेली असायची. ती ओवी उचलायची, पुढे न्यायची. या बायकांना स्वतःला 'कवयित्री' म्हणवून घ्यायचे नव्हते, म्हणून नाव ठेवले जाण्याचे भयही नव्हते.

याचे केवढे भांडार झाले, बघा. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' दोन भागांत दिले. सरोजिनी बाबर यांनी जन्मभर लोकसाहित्य जमवले. फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायांपैकी एकीलाही 'लिहायला निवांत वेळ' मिळालेला नव्हता.

पण म्हणून दळण्याचे गोडवे गायला मी बसलेले नाही. ते काम जीव काढणारे होते. माझ्या आईच्या तळव्यांना घट्टे होते ते मी पाहिलेत. मी चौथीत होते तेव्हा आमच्या गावात डिझेलवरची गिरणी आली. तिचा पुक् पुक् आवाज पार ओढ्यापर्यंत ऐकू यायचा. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन जायला मला कोण आनंद व्हायचा! आईलाही सुटल्यासारखे झाले. पहाटेची झोप तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळू लागली.

फक्त एक झाले. आई गायची थांबली. ते घरात कुणाच्या लक्षातही आले नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा शाळेतल्या कविता पाठ करण्यात दंग होते!

2004 साली दिवाळीच्या सुट्टीत मी वही-पेन घेऊन आईजवळ बसले. ती ऐंशीच्या घरात होती. म्हटले, "आई, तुझ्या ओव्या सांग, मी लिहून घेते." तिने बराच वेळ डोळे मिटले. एकही येईना. ओशाळून म्हणाली, "हात फिरल्याबिगर ओवी येत न्हाई गं." मी समोर पाट ठेवला. त्यावर तिने मूठ ठेवली आणि खुंटा धरल्यासारखी गोल गोल फिरवू लागली. थोड्या वेळाने ओठ हलले. त्या दुपारी अकरा ओव्या मिळाल्या. चार माझ्या जन्माच्या वेळच्या होत्या, त्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. बाराव्या ओवीला ती अडली ती अडलीच. "रोज एक पायली दळायचे मी," ती म्हणाली, "कोण मोजतंय ओव्या?" पुढच्या वर्षी ती गेली. वहीत अकराच आहेत.

हे मला तेव्हा कळले नाही. कळले ते 2008 नंतर, निवृत्त झाल्यावर. नोकरीत असताना माझ्या कविता एसटीच्या तिकिटामागे, पर्यवेक्षणाच्या तासाला, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट पाहताना झाल्या. समोर ऐकायला स्टाफरूममधल्या दोघी मैत्रिणी होत्या. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी त्या विचारायच्या, "काय गं, आज काही आहे का?" निवृत्तीनंतर मुलाने खिडकीशी छान टेबल करून दिले, दिवा दिला. सकाळ मोकळी, दुपार मोकळी. आणि पाच वर्षांत दोन कविता! त्याही कशाबशा. मी स्वतःला आळशी म्हणत राहिले. खरे म्हणजे माझी गिरणी आली होती, आणि जात्याबरोबर ओवीही गेली होती.

गेल्या दोन वर्षांपासून घरात यांचे आजारपण आहे. पहाटे साडेपाचला उठून यांना थायरॉइडची गोळी द्यावी लागते. तिच्यानंतर अर्धा तास चहा द्यायचा नाही. पुन्हा झोपता येत नाही, दुसरे काम सुरू करता येत नाही. त्या अर्ध्या तासात मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून भाजी निवडते आणि मनात ओळी जुळवते. पहिली ओळ ठरलेली, रोज तीच, आईच्या वहीतली. ती इथे देत नाही, ती आमच्या दोघींची आहे. चहा झाला की धाकट्या जावेला फोन करते. ती म्हणते, "हं, म्हणा वहिनी." कधी पुढची ओळ तीच सुचवते.

टेबल आता नातवाच्या अभ्यासाला दिले आहे.

असो. साताऱ्याच्या त्या मुलींना एवढेच सांगावेसे वाटते, की ओव्या आल्या नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मलाही आल्या नाहीत. पण तुमच्या घरात अजून कुणी ऐंशीच्या पुढची असेल, तर या रविवारी तिच्यासमोर एक पाट ठेवा. वही नंतर काढा. आधी तिचा हात फिरू द्या.